जुनी डिझेल गाडी: एसी लावून उभी केली तरी कंडेन्सरपुढचा पंखा फिरत नाही

पाचसिलिंडर

गाडी जुनी आहे. पाच सिलिंडरचं इनडायरेक्ट इंजेक्शन डिझेल, टर्बो नाही. मुख्य पंखा बेल्टवर, व्हिस्कस कपलिंगचा (सिलिकॉन तेल भरलेला, गरम झाल्यावर पकड घेणारा जोड). शिवाय ग्रिल आणि एसी कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) यांच्यामध्ये एक इलेक्ट्रिक पंखा, दोन वेगांचा. प्रश्न या दुसऱ्याचा आहे.

एसी लावून गाडी उभी ठेवली की हवा आधी गार, मग हळूहळू कोमट. गाडी चालू लागली की पुन्हा गार. हा पंखा या सगळ्यात जागचा हलत नाही. तापमानाचा काटा उभ्या गाडीत ९०च्या जरा वर जातो, पण १००ला टेकत नाही. फ्यूज शाबूत दिसतो. रिले (पंख्याचा करंट जोडणारा विजेवरचा स्विच) बदलून पाहिला, फरक नाही. पाती हाताने मोकळी फिरतात. गॅरेजमधून निदान आलं की मोटर गेली, नवीन टाका. टाकण्याआधी काय काय तपासावं?

तारमास्तर

मोटर सर्वांत शेवटी. तुम्ही दिलेल्या लक्षणांत मोटर गेल्याचा एकही पुरावा नाही.

या पंख्याला दोन जण हुकूम सोडतात आणि दोघांच्या वाटा वेगळ्या. पहिला एसीचा प्रेशर स्विच. हाय साइडचं, म्हणजे कंप्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूचं, प्रेशर ठरावीक आकड्याच्या वर गेलं की (बऱ्याच गाड्यांत १५ ते २० बारच्या दरम्यान) रिसीव्हर-ड्रायरवरचा (गॅसमधली ओल शोषणाऱ्या डब्यावरचा) हा स्विच जोडतो, एक रिले ओढला जातो आणि करंट एका जाड वायरवाउंड रेझिस्टरमधून मोटरला पोचतो. रेझिस्टर मध्ये आहे म्हणून वेग कमी. दुसरा हुकूम कूलंटच्या तापमान स्विचचा. तो साधारण १०० ते १०७ अंशांना जोडतो. मग दुसरा रिले रेझिस्टरला वळसा घालून मोटरला पूर्ण व्होल्टेज देतो.

तुमचा काटा १००ला जातच नाही, म्हणजे जास्त वेगाचा हुकूम अजून सुटलेलाच नाही. संशय फक्त कमी वेगाच्या वाटेवर घ्यायचा: प्रेशर स्विच, त्याची वायर, रिलेचं सॉकेट, रेझिस्टर. मोटर दोन्ही वाटांना सामाईक आहे, म्हणून ती निकालात काढणं सोपं.

इंजिन बंद, चावी काढलेली. मोटरचा दोन पिनांचा कनेक्टर सोडवा. बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, तिच्यात ३० अँपिअरचा फ्यूज घाला आणि मोटरच्या प्लस पिनेला द्या. दुसरी तशीच वायर मायनसवरून. पंखा झपाट्याने सुटायला हवा. रेंगाळला, कण्हत सुरू झाला किंवा टिचकी मारल्यावरच फिरला, तर मोटरकडे बघू. नाहीतर ती सोडून द्या.

कनेक्टर परत जोडा. चावी ऑन, इंजिन बंद. तापमान स्विचचा कनेक्टर काढून त्याच्या दोन पिना तारेने जोडा. पंखा पूर्ण वेगाने लागला पाहिजे. ती तार काढा आणि प्रेशर स्विचच्या कनेक्टरवर तसंच करा. आता कमी वेगाने लागला पाहिजे. काही गाड्यांत ही दुसरी वाट एसीचं बटण दाबलेलं असेल तरच जिवंत होते, तेव्हा बटण दाबून ठेवा.

जास्त वेग लागतो आणि कमी वेग लागत नाही, असं दिसलं तर नव्वद टक्के रेझिस्टर. दोन्ही लागले, तर स्विच किंवा गॅस. दोन्ही लागले नाहीत आणि मोटर थेट मात्र चालते, तर फ्यूज, अर्थ (बॉडीतून जाणारी मायनसची वाट) आणि सामाईक वायर.

हे करताना मफलर, ओढणी, सैल बाही काहीही पंख्याजवळ नको. काही गाड्यांत याचा रिले चावीवर नसून थेट बॅटरीवर असतो, त्यामुळे बंद गाडीतही पंखा अचानक सुटू शकतो.

ढवळ्यारंगाचा_फ्यूज

"फ्यूज शाबूत दिसतो" या वाक्यावर अडलो. फ्यूज बघायचा नसतो, मोजायचा असतो. तुमच्या गाडीत सपाट पात्यांचे फ्यूज आहेत की जुने टोकदार, बंदुकीच्या गोळीसारखे? सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच युरोपीय गाड्यांत दुसरा प्रकार असतो: पांढरा ८ अँपिअर, लाल १६, निळा २५. त्यांची पट्टी शाबूत असते आणि टोकांवर ऑक्साइडचा थर चढलेला असतो. दिवे पेटतात, वायपर चालतात, पण १० अँपिअर मागणाऱ्या पंख्याला तेवढा करंट जात नाही. जागच्या जागी चार वेळा गोल फिरवा, टोकं घासली जातात. ॲल्युमिनियमच्या पट्टीचे असतील तर तांब्याच्या पट्टीचे टाका आणि बॉक्समधल्या पितळी पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने पुसा. पट्टीची स्प्रिंग ढिली पडली असेल तर पुढच्या बाजूने हलकीच आत दाबा.

फ्यूज वितळायची वेळही बरंच सांगते. चावी लावताच उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट आहे. पंखा चार-पाच मिनिटं चालून मग उडाला तर मोटर जड झाली आहे. फ्यूज शाबूत पण त्याभोवतीचं प्लास्टिक वितळलंय, तर फ्यूज निर्दोष, पकड ढिली.

नवडिझेल

प्रश्न बाळबोध असेल. माझ्याही गाडीत असाच पंखा आहे आणि तो कधी फिरताना दिसतच नाही. एसीचा गॅस संपलेला आहे, वापरत नाही. तापमान स्विच काढून उकळत्या पाण्यात धरला, मल्टिमीटर काहीच दाखवत नाही. स्विच गेला ना?

कपलिंग

नाही, किमान यावरून तरी तसं म्हणता येणार नाही. स्विचच्या षट्कोनावर तापमान कोरलेलं असतं, ते वाचा. १०५ असेल तर साधं पाणी त्याला जोडूच शकत नाही. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं आणि दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश खाली येतं. किती वेळ उकळलात तरी पाणी त्याच्या वर जायचं नाही. गाडीत ते वर जातं कारण तिथे झाकण दाब धरतं. १ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही.

तपासायचं तर पाण्याऐवजी न विरळलेलं इथिलिन ग्लायकोल घ्या. ते २०० अंशांच्या थोडंसंच खाली उकळतं, त्यामुळे ११० पर्यंत नेता येतं. विषारी आहे, म्हणून उघड्यावर करा आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला नको. स्विच तारेने लटकवा, फक्त पितळी टोक बुडालेलं हवं. भांड्याच्या बुडाला टेकला तर थर्मामीटरपेक्षा दहा अंश आधीच जोडेल आणि तुम्ही फसाल. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून कितीला जोडतो ते लिहा, मग शेगडी बंद करून कितीला सुटतो तेही लिहा. दोहोंत ५ ते १० अंशांचं अंतर असायलाच हवं. ते नसेल तर पंखा सारखा चालू-बंद होत राहील.

आणि मुळात पंखा "फिरताना दिसत नाही" हा बिघाडच नसावा. जुनं डिझेल रिकाम्या चालीवर फार थोडं इंधन जाळतं, त्यामुळे कूलंटमध्ये उष्णताही कमी जाते. थर्मोस्टॅट ८०-८५ अंशांना उघडायला लागतो, मुख्य पंखा ठीक असेल तर इंजिन ९०च्या आसपास बसून राहतं. एसी न वापरणाऱ्या डिझेलमध्ये पुढचा पंखा वर्षानुवर्षं लागत नाही. हेच त्याच्या मुळावरही येतं, कारण न फिरणारी मोटर जाम होते. महिन्यातून एकदा स्विचच्या कनेक्टरच्या पिना तारेने जोडून दोन मिनिटं फिरवून घ्या.

नवडिझेल

स्विचवर १०० कोरलंय. एकच पिन आहे.

कपलिंग

एक पिन म्हणजे अर्थ बॉडीतून घेतो. मग मीटरची एक टोचणी पिनेवर, दुसरी पितळी आट्यांवर. बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, अर्थमध्ये अडथळा येऊ शकतो. सील करायचं काम तांब्याच्या वॉशरचं, तो नवा घाला.

आधी खात्री करा की तो पंख्याचाच स्विच आहे, काट्याचा सेन्सर नव्हे. बहुतेक जुन्या गाड्यांत एकपिनी तुकडा मीटरच्या काट्यासाठी असतो. चावी ऑन करून त्याची वायर बॉडीला टेकवा: काटा वर पळाला तर तो सेन्सर, पंखा लागला तर स्विच. क्षणभरच टेकवा. सेन्सरचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर हळूहळू उतरतो, "जोडला की नाही" असं त्याच्यात काही नसतंच.

पाचसिलिंडर

तपासलं. मोटर थेट बॅटरीवर एकदम जोरात सुटते. तापमान स्विचच्या कनेक्टरच्या पिना तारेने जोडल्या तर पंखा लागतो, पण थेट बॅटरीवर होता तेवढा जोर नाही, कानाला फरक कळतो. प्रेशर स्विचच्या पिना जोडल्या तर रिलेचा टक आवाज येतो, पंखा मात्र ढिम्म. फ्यूज सपाट पात्यांचाच आहे, काढून मोजला, ठीक आहे.

मोटरचा कनेक्टर काढून त्यावर व्होल्टेज मोजलं (तापमान स्विच जोडून): १२.५. बॅटरीवरही १२.५. मग जोर कमी का?

तारमास्तर

कनेक्टर काढून मोजलंत, म्हणून. करंट वाहतच नसेल तर सडलेल्या जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. मीटर मायक्रोअँपिअर ओढतो, पंखा दहा-बारा अँपिअर. जोडात ०.१ ओहम अडथळा आहे असं धरा. मीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही. १२ अँपिअर वाहायला लागले की त्याच जोडावर १.२ व्होल्ट खर्च होतात आणि तिथल्या तिथे १४ वॉटची उष्णता होते. कनेक्टर काळे पडतात ते यामुळेच.

कनेक्टर जोडलेला ठेवा, पंखा चालू ठेवा आणि मागच्या बाजूने, वायर आत शिरते तिथून, बारीक टोचणी सारून मोजा. चार आकडे हवेत:

बॅटरीच्या दोन टोकांवर.
मोटरच्या दोन पिनांवर.
बॅटरी प्लस ते मोटर प्लस.
मोटर मायनस ते बॅटरी मायनस.

शेवटचे दोन म्हणजे वाटेतली गळती. प्लसच्या वाटेवर फ्यूज, रिले, दोन-तीन कनेक्टर येतात म्हणून अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेतो. अर्थच्या वाटेवर ०.२च्या वर काहीही नको.

कमी वेगाचं उत्तर तुमच्या वाक्यातच आलं. रिले टक वाजतो, म्हणजे प्रेशर स्विचपासून रिलेच्या कॉइलपर्यंत सगळं ठीक. जास्त वेग लागतो, म्हणजे मोटर आणि तिची अर्थ निदान जिवंत आहेत. मध्ये उरले दोन तुकडे: रिलेचे पॉइंट आणि रेझिस्टर. रिले तुम्ही बदलून पाहिलात. रेझिस्टर शोधा. तो बॉडीच्या पत्र्यावर, हवा लागेल अशा जागी असतो, बरेचदा हेडलाइटच्या मागे किंवा पंख्याच्या फ्रेमवरच. चिनी मातीची किंवा ॲल्युमिनियमची कांडी, दोन जाड वायरी.

नवडिझेल

रेझिस्टर मीटरवर किती दाखवायला हवा? माझा ०.९ ओहम दाखवतो.

तारमास्तर

आधी मीटरच्या दोन टोचण्या एकमेकींना लावा. साध्या मीटरला तिथेच ०.२ ते ०.४ दिसतात, ते वजा करा. हे रेझिस्टर साधारण अर्ध्या ओहमच्या आसपास असतात, त्यामुळे तुमचा ठीक दिसतोय. एवढ्या छोट्या किमतीत साध्या मीटरवर फार विसंबू नका. गेलेला रेझिस्टर बहुधा पूर्णच तुटलेला असतो, मीटर अनंत दाखवतो, मग शंका राहत नाही.

तो का तुटतो तेही पाहा. १३ व्होल्टचा पुरवठा, ८ अँपिअर वाहतायत, रेझिस्टर ०.५ ओहम: त्याच्यावर ४ व्होल्ट पडतात, मोटरला ९ मिळतात. त्या ४ व्होल्टांची ३२ वॉट उष्णता तो एवढासा तुकडा सोसत असतो. मोटर जड झाली, करंट १२वर गेला, की तीच उष्णता ७२ वॉट होते. करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट. म्हणून रेझिस्टर जळालेला सापडला तर मोटरचा करंट मोजल्याशिवाय नवा टाकू नका, तोही जाईल. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर वायर न तोडता काम होतं. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअर सॉकेटमधून हा पंखा चालवू नका, सुरू होतानाचा करंट त्याच्या कितीतरी वर जातो आणि मीटरचा फ्यूज उडतो.

रिकामीचाल

एवढा खटाटोप कशाला? डॅशबोर्डवर एक बटण लावा, पंखा हाताने चालू करा. रेझिस्टर काढून दोन वायरी थेट जोडल्या तरी चालतं.

कपलिंग

थेट जोडल्या तर कमी वेग हा प्रकारच राहत नाही. प्रेशर स्विच जोडला की दर वेळी पूर्ण झटका, सुरुवातीचा करंट रेझिस्टरशिवाय, आणि हे ट्रॅफिकमध्ये दर मिनिट-दोन मिनिटांनी. रिलेचे पॉइंट आणि मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) दोन्ही लवकर जातात.

बटणाला माझा विरोध नाही, पण ते लावायचं ते रिलेच्या कॉइलवर. तापमान स्विचच्या समांतर दोन बारीक वायरी घ्या, बस्स. कॉइलचा रेझिस्टन्स ७० ते १०० ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे बटणातून जेमतेम दीडशे मिलिअँपिअर जातात. स्विचला समांतर असल्यामुळे बटण विसरलात तरी आपोआप लागायची सोय शाबूत राहते.

तारमास्तर

बटणाबद्दल एक डिझेलचीच भानगड आहे, ती सांगतो. काही जण रिले न घालता चावीच्या लाइनवरून (टर्मिनल १५) सरळ पंखा चालवतात. त्याच लाइनवर इंजेक्शन पंपाचा इंधन तोडणारा सोलेनॉइड असतो. चावी बंद केली की पंखा लगेच थांबत नाही. पाती गतीत असतात आणि फिरणारी मोटर जनित्रासारखी उलट व्होल्टेज देते. ते त्याच लाइनवरून सोलेनॉइडला पोचतं, सोलेनॉइडला एखादा अँपिअर पुरतो आणि डिझेल चावी काढल्यावरही काही सेकंद चालत राहतं. डिझेलला स्पार्क लागत नाही, इंधन मिळालं की झालं. मग लोक इंजेक्शन पंप उघडून बसतात. रिले घातला की दोन्ही सर्किटं वेगळी होतात आणि हा प्रकार बंद होतो.

ज्या जुन्या डिझेल गाड्या व्हॅक्यूमने बंद होतात त्यांना हे लागू नाही. तिथे सोलेनॉइडच नाही.

ढवळ्यारंगाचा_फ्यूज

रिले बदलणाऱ्यांसाठी: पिनांचे आकडे डीआयएन ७२५५२प्रमाणे असतात. ३० बॅटरीचा प्लस, ८७ पंख्याकडे, ८५ आणि ८६ कॉइल. काही रिलेंच्या आत कॉइलला समांतर डायोड असतो, झाकणावर त्याची खूण छापलेली असते. अशा रिलेत ८६ला प्लस आणि ८५ला मायनसच हवा. उलटं झालं तर डायोड सरळ शॉर्ट आणि फ्यूज गेला. बिनडायोडचा रिले काढून डायोडवाला टाकताना सॉकेटची वायरिंग आधी मोजून घ्या, कारण आधीच्या रिलेला उलटसुलट चालत होतं.

रिले टक वाजला म्हणजे करंट पुढे गेला असं नाही. टक हा कॉइलचा आवाज. पॉइंट काळे असले तरी तो तसाच येतो. ३० आणि ८७वर, पंखा चालू असताना, दोन टोचण्या ठेवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर रिले बाद.

पाचसिलिंडर

पंखा पूर्ण वेगाने चालू असताना:

बॅटरीवर १२.३.
मोटरवर १०.१.
प्लसची वाट ०.४.
मायनसची वाट १.८.

रेझिस्टर डाव्या हेडलाइटमागे सापडला. मीटर अनंत दाखवतो. कांडीला मधोमध बारीक तडा आहे आणि एका टोकाला वायरचं थिंबल (टोकाची धातूची कडी) हिरवं पडलंय.

तारमास्तर

म्हणजे बिघाड दोन आहेत, आणि मोटर बदलून एकही गेला नसता.

१.८ व्होल्ट अर्थवर जातायत. मोटरची तपकिरी किंवा काळी वायर जिथे पत्र्याला बोल्टने बांधली आहे तिथे हात लावून पाहा, पाच मिनिटांनी गरम लागेल. बोल्ट काढा. पत्र्यावरचा रंग आणि गंज थिंबलच्या रुंदीएवढा घासून चमकता करा, थिंबल दोन्ही बाजूंनी घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन किंवा बॅटरीचं ग्रीस. वायर थिंबलमध्ये शिरते तिथे आवरण चिरून आतले तार पाहा. काळे असतील तर तांब्यापर्यंत मागे कापत जा. वर-वर चिमटलेलं नवं थिंबल महिनाभर टिकतं. झाल्यावर तोच आकडा पुन्हा मोजा.

त्याच बोल्टवर दुसऱ्या वायरी आहेत का पाहा. हेडलाइट किंवा हॉर्नची अर्थही तिथेच असेल तर पंखा लागला की दिवा मंद होतो.

कार्बनब्रश

मोटर आता निर्दोष निघाली असली तरी एवढ्या वर्षांची आहे, म्हणून चार शब्द. बाहेरून धरून पातं मागे-पुढे हलवा. शाफ्टची लांबीच्या दिशेची जरा हालचाल चालते. आडवी हालचाल जाणवली तर बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या) गेले. मग आर्मेचर (आतला फिरता भाग) चुंबकाला घासतं, करंट चढतो आणि तारमास्तरांनी सांगितलेलं रेझिस्टरचं गणित सुरू होतं.

उघडता येणारी मोटर असेल (दोन लांब स्क्रू किंवा वळवलेल्या पट्ट्या) तर आधी दोन्ही झाकणांवर आणि बॉडीवर मार्करने एक सलग रेघ ओढा. झाकण अर्धा फेरा फिरून बसलं तर कार्बनची जागा चुकते आणि पाणी निघायचं भोक वर येतं. ते भोक खालीच हवं. बुजलं असेल तर काडीने मोकळं करा, बहुतेक मोटरी आत साचलेल्या पाण्याने मरतात. कार्बन होल्डरमध्ये अडखळत नाहीत ना ते पाहा. टिचकी मारल्यावर चालणाऱ्या मोटरीत बहुधा हेच असतं: कार्बन संपत आला किंवा होल्डरमध्ये अडकला, स्प्रिंग त्याला कम्युटेटरवर (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर) टेकवू शकत नाही. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने गोलाकार पुसा आणि पट्ट्यांमधल्या खाचांतली कार्बनची पूड टोकदार लाकडी काडीने काढा. ती पूड पट्ट्या एकमेकींना जोडते.

बुश पितळी, तेल शोषणारे असतात. त्यांना पातळ मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब. गंज सोडवणारा स्प्रे मारू नका, तो जुनं तेल धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो. ग्रीसही नको, बुशच्या छिद्रांत ते शिरत नाही. आणि इंजिन धुताना प्रेशरचा पाण्याचा फवारा या मोटरवर कधीच नको.

नवडिझेल

जोडताना प्लस-मायनस उलट झाले तर?

कार्बनब्रश

कायम चुंबकाची मोटर आहे, उलटी फिरेल. काही जळत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. कंडेन्सरपुढचा पंखा हवा मागे ढकलतो. उलटा फिरला तर चालत्या गाडीत समोरून येणाऱ्या हवेशीच भांडतो आणि एसी उलट बिघडतो. ग्रिलसमोर कागद धरा: आत ओढला जाऊन चिकटला तर बरोबर, उडाला तर उलट. पाती काढून पालथी बसवली तर दिशा बदलत नाही, फक्त हवा कमी होते, तेव्हा तेही पाहा.

कपलिंग

पाचसिलिंडर, रेझिस्टर आणि अर्थ झाल्यावरही उभ्या गाडीत काटा ९०च्या वर रेंगाळला तर इलेक्ट्रिक पंख्याच्या मागे लागू नका. इंजिन गार ठेवायचं मूळ काम व्हिस्कस कपलिंगच्या पंख्याचं आहे, पुढचा फक्त सहायक. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केल्यावर मुख्य पंख्याचा घोंगावणारा आवाज यायला हवा, एक-दोन मिनिटांत तो उतरायला हवा. पूर्ण गरम इंजिन बंद करून पंखा हाताने ढकलला तर जडपणा लागायला हवा. गरम असतानाही तो भिरभिर फिरत राहिला तर कपलिंगमधलं सिलिकॉन तेल गळालंय. पुढच्या बाजूला तेलकट धूळ चिकटलेली दिसेल. फिरत्या पंख्यात गुंडाळलेलं वर्तमानपत्र घालून थांबवून पाहण्याचा सल्ला कुठे वाचला तर विसरा.

कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट टॉर्चने बघा. पुढून कंडेन्सर स्वच्छ असतो आणि मागे किडे, पिसं आणि तेलाने थापलेली चादर असते. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या नळीच्या जोराने. फिन्स फार मऊ असतात.

पाचसिलिंडर

नवा रेझिस्टर बसवला, अर्थ घासून नवीन थिंबल लावलं. मायनसची वाट १.८ वरून ०.१ झाली, मोटरवर ११.७. इंजिन चालू, एसी लावला की कमी वेग थोड्या वेळाने आपोआप लागतो आणि सुटतो. हवा उभ्या गाडीतही गार राहते.

एक शंका उरली. लागतो तो बराच उशिरा. प्रेशर स्विच बदलावा का?

तारमास्तर

गेज लावल्याशिवाय नाही. हाय साइडला गेज लावून पंखा कितीला लागतो तो आकडा बघा. आर-१३४ए गॅस १६ बारला साधारण ६० अंशांना द्रवतो, म्हणून त्या सुमाराला कंडेन्सरची वरची नळी हाताला सोसवू नये. गेजवर आकडा स्विचवर छापलेल्याच्या आसपास असेल तर स्विच ठीक आहे आणि तुमचा कंडेन्सरच चांगला काम करतोय.

बदलायची वेळ आलीच तर दोन गोष्टी. ड्रायरवर बहुधा दोन स्विच असतात, दुसरा गॅस कमी झाल्यावर कंप्रेसर तोडणारा, साधारण २ बारचा. दोघांच्या वायरी आणि रंग आधी टिपून घ्या. आणि स्विचखाली आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह सगळ्याच ड्रायरना नसतो. नसेल तर पान्याच्या दुसऱ्या वळशाला सगळा गॅस तोंडावर येतो. खात्री नसेल तर आधी गॅस मशीनने काढून घ्यायचा, मगच स्विचला पाना.